मशीन '९' दाखवतंय, दिवा हिरवा, तरी हॉलमध्ये वास. फिल्टर बदलू का?

जुळेकर | ५ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावर टू बीएचके, भाड्याचा. घरात मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि बाबा. मुलीला सारख्या शिंका, म्हणून दिवाळीनंतर एअर प्युरिफायर घेतला. साडेअकरा हजार गेले. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच भांडणं नकोत. डब्यावर 'हेपा एच१३' छापलंय, म्हणजे बारीक धूळ अडवणारा फिल्टर, आत काळी कार्बनची जाळीपण आहे. शिंका खरंच कमी झाल्या, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वासाची. मार्चपासून हॉलमध्ये वास मारतोय. एक नाही, तीन-चार वास एकात एक. फोडणीचा आणि तळणाचा आहे, तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पडद्यांत मुक्कामाला. बाबा गॅलरीत बसून विडी ओढतात (सोडा म्हणून सांगून थकलो, तो विषय इथे नको), तिचा आहे. कूलर लावला की पहिली दहा मिनिटं घराचा मासळीबाजार होतो. आणि वर एक असा वास आहे की त्याला नाव सापडत नाही. कुजकट. येतो, जातो.

मशीन मात्र निवांत. परवा मी नाक धरून बसलो होतो तेव्हाही हिरवा दिवा आणि आकडा ९. बायकोने देवापुढे उदबत्ती लावली, घर मस्त घमघमलं, तर मशीन लाल होऊन १८० वर गेलं आणि विमानासारखं ओरडायला लागलं. हे काय गणित आहे?

दुकानदार म्हणतो फिल्टर बदला, २,४०० रुपये. बदलू का?

काबे | ५ एप्रिल, रात्री १०.५२

मालक, मशीन नास्तिक निघालं बे. परत द्या.

कडकभाकरी | ५ एप्रिल, रात्री ११.०५

२,४०० आधी खिशात ठेवा. घरातल्या बाईला विचारा वास कुठून येतो ते. आम्हाला बरोबर कळतं, फक्त कुणी विचारत नाही.

चिंचोळीकर | ६ एप्रिल, सकाळी ७.२०

मी एमआयडीसीत डस्ट कलेक्टर बघतो, फिल्टरवरच पोट आहे, म्हणून जरा सविस्तर.

तुमचं मशीन खोटं बोलत नाहीये. त्याला नाक नाही, डोळा आहे. आत एक बारीक लेझर असतो, हवेतला कण त्याच्यासमोरून गेला की प्रकाश विखुरतो, त्यावरून कण मोजले जातात. तो ९ म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एक घनमीटर हवेत ९ मायक्रोग्रॅम. उदबत्तीचा धूर म्हणजे निव्वळ बारीक कण, त्यामुळे मशीन किंचाळणारच. ते बरोबरच किंचाळलं. मुलीला शिंका आहेत तर उदबत्ती बेताने लावा.

वास म्हणजे वायू. एकेक रेणू. हेपा ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो असं म्हणतात, युरोपच्या मापाने एच१३ म्हणजे ९९.९५ टक्के. ०.३ हा आकडा का, तर तो पकडायला सगळ्यात अवघड आकार. त्याहून मोठे कण धाग्यांवर आपटून अडकतात, त्याहून बारीक कण इकडेतिकडे भरकटत धाग्याला चिकटतात. पण वासाचा रेणू त्याच्याही शेकडो पट लहान. हेपासमोर त्याला आडकाठीच नाही. डाळ चाळायच्या चाळणीने वाफ अडवायला गेल्यासारखं आहे ते.

वासाला कार्बन लागतो. आता एक काम करा. मशीनमधली ती काळी जाळी काढा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून इथे टाका.

जुळेकर | ६ एप्रिल, रात्री ९.३०

केलं. शेंगाचटणीचे दाणे मोजायचा काटा आहे त्यावर. प्लॅस्टिकच्या चौकटीसकट ६८ ग्रॅम. जाळी हाताने चोळली तर बोटं काळी झाली, पण आत दाणे वगैरे काही नाहीत. स्पंजवर काळी पावडर फासल्यासारखं आहे.

चिंचोळीकर | ६ एप्रिल, रात्री ९.४८

झालं तर मग. चौकट आणि स्पंज वजा केला तर कार्बन मूठभरसुद्धा नाही. वासासाठी जी खरी मशीनं बनवतात त्यांत दाण्याचा कार्बन किलोकिलोने भरतात. तुमचा तो थर कोऱ्या मशीनला आठ-पंधरा दिवस छान वाटतो, मग भरून जातो. २,४०० देऊन तुम्ही परत आठ-पंधरा दिवसच विकत घेणार.

आणि सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती साफ हवा देतं तो आकडा, किती आहे? डब्यावर असेल.

जुळेकर | ६ एप्रिल, रात्री ९.५५

२५० घनमीटर ताशी. हॉल, डायनिंग आणि पॅसेज मिळून ५०० चौरस फूट तरी होईल, मध्ये दार नाही.

चिंचोळीकर | ६ एप्रिल, रात्री १०.१०

५०० गुणिले १० फूट उंची, ५,००० घनफूट. म्हणजे साधारण १४१ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा फिरवायची म्हटली तर ७०० च्या वर सीएडीआर पाहिजे. तुमचं मशीन पावणेदोन वेळा फिरवतंय. मुलीच्या बेडरूममध्ये दार लावून ठेवा, तिथे ते राजा आहे. हॉलमध्ये हमाल.

आणखी एक. सीएडीआर मोजतात तो धूर, धूळ आणि परागकणांवर. वासासाठी त्या आकड्याचा उपयोग शून्य.

पुण्यातलासोलापूरकर | ७ एप्रिल, दुपारी १.१५

एवढी डोकेफोड कशाला? आयोनायझरवालं, म्हणजे हवेला विजेचा भार देणारं मशीन घ्या. माझ्याकडे बाणेरच्या फ्लॅटमध्ये आहे, बटण दाबलं की दहा मिनिटांत वास गायब आणि पाऊस पडून गेल्यासारखं एकदम फ्रेश. फिल्टरचा खर्चच नाही.

काबे | ७ एप्रिल, दुपारी १.२०

पुण्याला गेलं की माणूस पावसासाठी पण बटण दाबतंय बे.

चिंचोळीकर | ७ एप्रिल, दुपारी १.५०

दादा, तो 'पाऊस पडून गेल्यासारखा' वास म्हणजे ओझोन. वीज कडाडल्यावर येतो तोच. सगळी आयोनायझरं सारखी नसतात, पण ज्याचा वास येतो ते ओझोन सोडतंय हे नक्की. ओझोन छातीला त्रास देतो, दमेकऱ्याला आणि लहान मुलांना जास्त. कॅलिफोर्नियात घरगुती हवा-यंत्रांना ०.०५० पीपीएमची (दहा लाख भाग हवेत ०.०५० भाग ओझोन) मर्यादा २०१० पासून कायद्याने घातलीय, ती उगाच नाही. आणि लादी पुसायच्या लिंबूवासाच्या फिनाइलशी त्याची गाठ पडली तर त्यातून फॉर्माल्डिहाइड तयार होतं. यांच्या घरात शिंका असलेली मुलगी आहे. अजिबात नको.

पुण्यातलासोलापूरकर | ७ एप्रिल, दुपारी २.३०

ठीक आहे, बंद करून बघतो. बायकोला डोकं दुखतं म्हणते कधीकधी, मी म्हणायचो मोबाइल कमी बघ.

कडकभाकरी | ७ एप्रिल, दुपारी २.३४

बघा. विचारत नाही म्हटलं ना.

कुडल१०१८ | ७ एप्रिल, सायंकाळी ६.१०

मी रसायनशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. कार्बनबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपण 'शोषतो' म्हणतो, पण स्पंज पाणी शोषतो तसं हे नाही. कार्बनच्या पृष्ठभागावर रेणू चिकटून बसतो. पुस्तकी शब्द अधिशोषण. नारळाच्या करवंटीचा कोळसा करून त्याला आठशे-हजार अंशाला वाफ दिली की त्यात असंख्य सूक्ष्म भेगा पडतात. एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग पाचशे ते दीड हजार चौरस मीटर भरतो. एका ग्रॅमात तुमचा अख्खा फ्लॅट, गॅलरीसकट, पाच-पंधरा वेळा पसरता येईल. पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या मुखवट्यांसाठी अमेरिकेत लोकांकडून पीचच्या कोया आणि करवंट्या गोळा केल्या होत्या, त्या याच कामासाठी.

पण या भेगा भरल्या की संपलं. आणि कार्बनला सगळे वास सारखे आवडत नाहीत. जड, तेलकट रेणू तो घट्ट धरतो, म्हणजे तळण, तंबाखूचा धूर, रंगातले सॉल्व्हंट. हलके रेणू निसटतात. अमोनिया, फॉर्माल्डिहाइड आणि कुजकट वासाचा हायड्रोजन सल्फाइड यांना साधा कार्बन पुरत नाही. त्यांच्यासाठी कार्बनवर वेगळं रसायन चढवतात, किंवा पोटॅशियम परमँगनेट लावलेल्या गोळ्या वापरतात.

आता आपल्या गावाची गोष्ट. चिकटलेला रेणू उष्णतेने सुटतो. हिवाळ्यात धरलेला वास भरलेला कार्बन एप्रिलच्या बेचाळीस अंशात परत सोडायला लागतो. जुळेकर, मशीनच्या तोंडाशी नाक नेऊन बघा. मला शंका आहे, तुमचे दोन वास तिथूनच येत असतील.

जुळेकर | ७ एप्रिल, रात्री ८.४५

सर, दंडवत. मशीनच्या वरच्या जाळीशी वास घेतला. जानेवारीतली भजी येलालीत.

शेळगीकर | ७ एप्रिल, रात्री ९.००

मग जाळी उन्हात टाकायची की. सोलापूरच्या उन्हात काय टिकतंय? आणि कार्बन कशाला विकत घ्यायचा, लोणारी कोळसा टोपलीत घालून कोपऱ्यात ठेवा. आमची आजी ठेवायची.

कुडल१०१८ | ७ एप्रिल, रात्री ९.२५

ऊन देऊन ओल जाते, वरवरचं थोडं हलकं होतं. पण घट्ट बसलेलं काढायला काहीशे अंश लागतात, भट्टीचं काम आहे ते. आजींचा कोळसा बंद पेटीत, ट्रंकेत थोडाफार चालायचा. उघड्या हॉलमध्ये टोपली ठेवून हवा तिच्याकडे आपण होऊन चालत जात नाही. साध्या कोळशाच्या भेगाही फार कमी. पण आजींबद्दल आदर आहेच.

पूर्वभागातली | ८ एप्रिल, सकाळी ११.३०

माझा अनुभव सांगते, थोडा वेगळा आहे. आई तीस वर्षं विड्या वळायची. सूप मांडीवर, त्यात तंबाखू, शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची. दिवसाला हजार विड्या. दोन खोल्यांचं घर, तंबाखूची पिशवी आम्ही झोपायचो त्याच खोलीत. आम्हाला वास कधी आला नाही. शाळेत मैत्रिणी म्हणायच्या तेव्हा कळलं.

आता आईचं काम बंद आहे, पण शेजारच्या दोन मावश्या दुपारी तिच्याकडेच येऊन वळत बसतात, गप्पा होतात म्हणून. आईला खोकला, म्हणून भावाने प्युरिफायर आणला. दहा दिवसांनी मी पुढची धुवायची जाळी काढली, तर त्यावर तपकिरी पीठ. बोटाने रेघ ओढली, जाड थर निघाला. तंबाखूचं पीठ. ते आधी आईच्या छातीत जात होतं. खोकला खरंच उतरला.

वास मात्र जसाच्या तसा. भाऊ म्हणाला मशीन फसवं आहे. आज वरचं वाचून कळलं, पीठ म्हणजे कण आणि वास म्हणजे वायू. मशीनने त्याचं काम केलं होतं.

चिंचोळीकर | ८ एप्रिल, दुपारी १२.०५

ताई, मी तीन पोस्टी लिहून जे सांगितलं ते तुम्ही एका रेघेत दाखवलंत. ती पुढची जाळी दर चार-पाच दिवसांनी धूत चला. हेपा मात्र धुवायचा नाही.

काबे | ८ एप्रिल, दुपारी १२.११

हेपा धुवायचा नाही?

चिंचोळीकर | ८ एप्रिल, दुपारी १२.१२

धुतलात?

काबे | ८ एप्रिल, दुपारी १२.२०

निरम्यात भिजवला, ब्रश मारला, गच्चीत वाळवला. पांढराशुभ्र झालता बे. आकडा पण लगेच खाली यायचा बंद झाला, मला वाटलं हवाच खराब झाली.

चिंचोळीकर | ८ एप्रिल, दुपारी १२.३०

बऱ्याच घरगुती हेपाच्या धाग्यांवर विजेचा भार असतो, कण ओढून घ्यायला. पाणी आणि साबण लागला की तो जातो, घड्या फाटतात, हवा फटीतून निघून जाते. नवा घ्या आता. फक्त 'वॉशेबल' असं छापलेलं असेल तरच धुवायचा.

यंत्रमाग | ८ एप्रिल, रात्री १०.५०

आमचा टॉवेलचा कारखाना, ऑफिसच्या मागच्या भिंतीला डाईंग. दिवसभर गरम रंगाचा आणि कांजीचा वास. विकतची मशीनं दोन वाया घालवली, मग पेटी बनवून घेतली. स्टीलच्या जाळीचे दोन पत्रे, मध्ये दोन इंच अंतर, त्यात चार किलो दाण्याचा कार्बन. पाण्याच्या फिल्टरचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो, करवंटीचाच मागायचा. मला किलोला अडीचशेने पडला. आधी धुऊन वाळवायचा, नाहीतर टेबलभर काळी पूड.

पहिल्यांदा साधा एक्झॉस्ट पंखा लावला. नुसता गरगरला, दाण्यांतून हवा हलेना. मग ब्लोअर लावला तेव्हा काम झालं. आवाज आहे, पण मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला काय त्याचं. पाच महिने मस्त चाललं. मेमध्ये पत्र्याखाली खोली तापली आणि सरांनी लिहिलंय तेच झालं, पेटीच वास मारायला लागली. दाणे बदलले. दर पाच महिन्यांनी हजार रुपये धरून चालतो.

कडकभाकरी | ९ एप्रिल, सकाळी १०.१५

सगळ्यांचं ज्ञान वाचलं, छान आहे. आता जुळेकर, मला सांगा. तो नाव नसलेला कुजकट वास, नेमका कधी येतो? घड्याळ लावून सांगा. आणि तुम्ही नका सांगू, वहिनींना विचारा.

जुळेकर | ९ एप्रिल, रात्री ९.१०

विचारलं. तिने आठवड्याचा हिशोब तोंडपाठ सांगितला, मी तोंडात बोट. सकाळी साडेसात ते नऊ, डब्याच्या वेळी येतो. दुपारी कूलर चालू असताना अजिबात नाही. संध्याकाळी स्वयंपाकाला लागली की परत. रविवारी बाहेर जेवलो तर नाही. ती म्हणते, "मी दोनदा सांगितलं होतं, तुम्ही मशीनचा आकडा दाखवलात."

कडकभाकरी | ९ एप्रिल, रात्री ९.१६

स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावता ना? आणि ऊन-धूळ म्हणून खिडक्या बंद?

जुळेकर | ९ एप्रिल, रात्री ९.१८

हो. दोन्ही.

कडकभाकरी | ९ एप्रिल, रात्री ९.२०

घरात न वापरलेली मोरी, बाथरूम, काही आहे का?

जुळेकर | ९ एप्रिल, रात्री ९.३१

हॉलला लागून कॉमन बाथरूम आहे. आमच्याकडे पाणी पाच दिवसांनी येतं, म्हणून फेब्रुवारीत तिथे चार बॅरल भरून ठेवले. तेव्हापासून तिथे कुणी अंघोळ करत नाही. सगळे आतलं वापरतात.

साइटवरचा | ९ एप्रिल, रात्री ९.४०

मालक, सापडला तुमचा वास. मी सिव्हिलवाला आहे, रोज हेच बघतो.

बाथरूमच्या जाळीखाली नानी ट्रॅप असतो. त्यात दोन इंच पाणी कायम उभं राहायला पाहिजे. ते पाणी म्हणजे गटार आणि तुमचं घर यांच्यामधलं झाकण. बाथरूम वापरलं नाही की आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते काही आठवड्यांत उडून जातं. मग पाइप थेट उघडा. आणि वरून तुम्ही एक्झॉस्ट लावता. पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा कुठूनतरी आत यायला पाहिजे. खिडक्या बंद, मग येते ती गटारीतून. कूलरचं उलट आहे, तो बाहेरची हवा आत ढकलतो, घरात दाब वाढतो, म्हणून दुपारी वास नाही.

खात्री करायची तर एक्झॉस्ट लावा आणि पेटती उदबत्ती त्या जाळीवर धरा.

काबे | ९ एप्रिल, रात्री ९.४४

आली परत उदबत्ती.

जुळेकर | १० एप्रिल, सकाळी ८.५०

केलं. सकाळी एक्झॉस्ट लावला, दोन बॅरल सरकवले, गुडघ्यावर बसून उदबत्ती जाळीवर धरली. धूर सरळ वर जायच्या ऐवजी माझ्या तोंडावर आला, मागून फुंकर मारल्यासारखा. एक्झॉस्ट बंद केला, धूर सरळ वर. परत लावला, परत तोंडावर. मुलीला एवढा आवडला हा खेळ की तिने चार वेळा करायला लावला. तिकडे बेडरूममधलं मशीन लाल.

जाळी काढली. टॉर्च मारला तर खाली भेगाळलेला कोरडा चिखल, आणि एक झुरळ वर बघत होतं. आठशे लिटर पाणी बॅरलमध्ये उभं आणि त्याच्या बुडाखाली ट्रॅप कोरडाठाक.

दोन तांबे पाणी ओतलं.

साइटवरचा | १० एप्रिल, सकाळी ९.०५

वर दोन चमचे खाद्यतेल सोडा. तेल तरंगतं, पाणी उडायचं मंदावतं. तरी उन्हाळाभर आठवड्याला तांब्याभर पाणी ओतत चला, पाणी आलं त्या दिवशी ओतायचं म्हणजे लक्षात राहतं. वॉशिंग मशीनचा पाइप पण बघा, बहुतेक नुसता भोकात खुपसलेला असेल. त्याच्याभोवती रबरी बूच मिळतं, ते बसवा. आणि एक्झॉस्ट चालू असताना हॉलची खिडकी चार बोटं उघडी ठेवा.

आणि हो, हा वास म्हणजे सरांनी लिहिलेला हायड्रोजन सल्फाइड आणि त्याचे भाऊबंद. तुम्ही फिल्टर बदलला असतात तरी ढिम्म फरक पडला नसता.

जुळेकर | १३ एप्रिल, रात्री १०.००

तीन दिवस झाले. कुजकट वास गेला. पाइपाला बूच बसवलं, ६० रुपये.

गंमत म्हणजे तो गेल्यावर बाकीचे वास आता सुटे सुटे कळतात. काळी जाळी काढून टाकली, मशीन नुसत्या हेपावर मुलीच्या खोलीत चालतंय, भजी बंद. स्वयंपाकघरात मशीन ठेवावं का असं मनात आलं होतं.

चिंचोळीकर | १३ एप्रिल, रात्री १०.१२

अजिबात नाही. फोडणीचं तेल उडून हेपावर बसतं, महिन्यात चिकट होऊन तुंबतो. तेलाला चुलीच्या वरच पकडायचं. चिमणी घेणार असाल तर पाइप भिंतीबाहेर काढलेली घ्या. बिनपाइपची चिमणी कार्बनमधून हवा फिरवून घरातच सोडते, म्हणजे पुन्हा तीच जाळी, तोच हिशोब. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायला मालक तयार नसेल तर तुमचा एक्झॉस्ट बरा आहे, फक्त पाती धुवा. शेवटचं कधी धुतलीत?

जुळेकर | १३ एप्रिल, रात्री १०.१५

धुवायची असतात?

कडकभाकरी | १३ एप्रिल, रात्री १०.१७

अरे देवा.

शेळगीकर | १४ एप्रिल, सकाळी ८.००

कूलरचं राहिलं. मासळीचा वास पॅडमध्ये बसलेल्या शेवाळाचा आणि उभ्या पाण्याचा. पाण्याची टंचाई म्हणून आपण टाकी रिकामी करत नाही, तेच पाणी वर वर भरत राहतो. पाणी यायच्या आदल्या दिवशी टाकी पूर्ण काढा, ते पाणी कुंड्यांना न घालता संडासाला वापरा, क्षार साठलेले असतात त्यात. गवत असेल तर बदला, दरवर्षी बदलायचंच असतं. आणि रात्री बंद करताना आधी पंप बंद, पंखा पंधरा मिनिटं चालू. पॅड सुकलं की सकाळी वास नाही. ही आजी नाही, माझा स्वतःचा अनुभव.

कुडल१०१८ | १४ एप्रिल, सकाळी ९.३०

उत्तम. विडीचं एक सांगतो. धुरातलं निकोटीन आणि डांबरासारखं द्रव्य भिंतीवर, पडद्यावर, सोफ्यावर बसतं आणि उकाड्यात सावकाश सुटत राहतं. म्हणून विडी विझल्यावर तासांनीही वास येतो. हवा गाळून भिंतीवरचा थर जात नाही. पडदे गरम पाण्यात धुवा, गॅलरीच्या बाजूची भिंत आणि दाराची फळी साबणाच्या पाण्याने पुसा. फडकं पिवळं निघेल. विडीच्या वेळी गॅलरीचं दार बंद, आणि एक्झॉस्ट नको, नाहीतर धूर तो आत ओढून घेईल.

पूर्वभागातली | १४ एप्रिल, दुपारी १.०५

आईकडे काल मी एवढंच केलं. मावश्या खिडकीजवळ बसतात आता, छोटा पंखा त्यांच्या पाठीमागून खिडकीकडे तोंड करून. तंबाखू झाकणाच्या डब्यात, लागेल तेवढाच सुपात. पुढची जाळी पाच दिवसांनी काढणार आहे, बघू किती पीठ निघतं.

जुळेकर | १९ एप्रिल, रात्री ९.२०

पडदे धुतले, पहिलं पाणी चहासारखं. बाबा बघत उभे होते, काही बोलले नाहीत. आज संध्याकाळी विडी घेऊन गॅलरीत न बसता खाली पारावर गेले. बायको म्हणते, विषय काढू नका.

एक्झॉस्टची पाती धुतली. मुळात पांढरी होती.

पूर्वभागातली | १९ एप्रिल, रात्री ९.४०

जाळी काढली आज. रेघ ओढली, पण पूर्वीसारखा थर नाही. बोटाला नुसती तपकिरी झाक.

काबे | १९ एप्रिल, रात्री ९.५८

नवा हेपा आणला बे. बायकोने खोक्यावर स्केचपेनने लिहिलंय, 'निरमा नको'.